वस्तादाची नजर आणि वजनाचा आकडा

स्नायू वाढवण्याचे शास्त्र विदेशी यंत्रांबरोबर आले, त्याआधी आपल्याकडे नुसता घाम गाळला जाई, असा समज रूढ आहे. मराठी मुलखातल्या तालमींचा इतिहास तपासला तर तो टिकत नाही. शरीर अंगवळणी पडलेल्या श्रमाला दाद देईनासे होते, म्हणून श्रम टप्प्याटप्प्याने वाढवायचे, हे स्नायूवाढीचे मूळ सूत्र. तालमीत नेमके हेच चाले. नव्या पठ्ठ्याला वस्ताद थोडक्या जोर-बैठकांवर ठेवी आणि आकडा हळूहळू चढवी. हलका मुद्गल सहज फिरू लागला की जड मुद्गल हाती देई. गळ्यात दगडी नाल घालून बैठका मारल्या की मांड्यांवरचा भार वाढे. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात १९१२ साली खासबाग मैदान तयार झाले, तेव्हा तिथे उतरणारे मल्ल याच मेहनतीतून घडलेले होते.

यावर आक्षेप असा, की शेकडो बैठकांनी दमसास वाढतो, स्नायू नव्हे. यात तथ्य आहे. हलक्या भारानेही स्नायू वाढतो, पण त्यासाठी मेहनत थकव्याच्या टोकापर्यंत न्यावी लागते. ज्याला पाचशे बैठका सहज जमतात, त्याची मांडी आणखी शंभरांनी फारशी भरत नाही. मात्र तालीम बैठकांवर थांबत नव्हती. हौद्यातली माती खोऱ्याने उकरणे, आणि त्याच मातीत तोलामोलाच्या जोडीदाराला उचलणे, रेटणे हा भार चांगलाच जड होता. दुसरा आक्षेप खुराकाचा: शरीरे दूध, तूप आणि बदामाच्या थंडाईने बनली. खुराकाशिवाय ती बनली नसतीच, पण मेहनतीवाचून तोच खुराक अंगावर चरबी चढवतो.

मग आधुनिक शास्त्राने नवे काय दिले? माप दिले. अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांचे दुबळे झालेले स्नायू सावरण्यासाठी वाढत्या वजनांची पद्धत वापरली आणि १९४५ साली ती मांडली. १९४८ साली आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी ती आणखी सुटसुटीत केली: जेमतेम दहा वेळा उचलता येईल ते वजन ठरवायचे, मग पहिली फेरी त्याच्या निम्म्याने, दुसरी पाऊणपटीने आणि तिसरी पूर्ण वजनाने करायची. वस्तादाच्या नजरेत असलेला अंदाज इथे आकड्यात आला आणि वस्ताद न लाभलेल्यालाही वापरता येऊ लागला. हा लाभ मोठा आहे. पण आकडा फक्त भार सांगतो. बैठकीत पाठ कुठे वाकते, जोर मारताना खांदा कुठे ढळतो, हे वहीत लिहिलेल्या वजनाला दिसत नाही. ते पाहणारी नजर तालमीने पिढ्यान्‌पिढ्या जपली. आजच्या जिमला वजनांच्या तबकड्यांइतकीच तिची गरज आहे.