चिपवर काय लिहिलंय?

लिनक्स कर्नलसोबत येणाऱ्या कागदपत्रांत एक रूक्ष दिसणारी यादी आहे. टीव्ही ट्यूनर कार्डांची नावं आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा, बाकी फारसं काही नाही. शून्य म्हणजे ओळख न पटलेलं कार्ड, 10 म्हणजे हॉपॉज कंपनीचं बीटी878 चिपचं कार्ड, आणि असं करत यादी दीडशेच्या पुढे जाते. त्यातल्या कितीतरी नोंदी घरबसल्या लोकांनी भरल्या. कॅबिनेट उघडायचं, कार्ड उपसून उजेडात धरायचं, चिपवरची बारीक अक्षरं वाचायची आणि कळवायचं, की अमुक आकडा दिला तर चित्र आलं, तमुक दिला तेव्हा आवाजही आला. घरच्या मीडिया सेंटर संगणकाचा खरा इतिहास या यादीत आहे. हे यंत्र कुणी बनवलं याची उत्तरं मोजकी आहेत, पण ते घरोघरी चालतं कुणी केलं, याचं श्रेय हजारो बिनपगारी माणसांकडे जातं.

बनवणाऱ्यांची हकिकत थोडक्यात सांगता येते. अमेरिकेत 1999 मध्ये टिवो आणि रिप्लेटीव्ही हे हार्ड डिस्कवर कार्यक्रम साठवणारे डबे बाजारात आले. टिवोच्या आत लिनक्सच होतं. जर्मनीत क्लाउस श्मिडिंगर यांनी 2000 साली व्हीडीआर हा प्रोग्रॅम लिहायला घेतला, तो उपग्रह वाहिन्यांच्या डिजिटल कार्डांसाठी. 2002 मध्ये आयझॅक रिचर्ड्स या अमेरिकी प्रोग्रॅमरने मिथटीव्ही हा टीव्ही रेकॉर्ड करणारा प्रोग्रॅम सुरू केला. केबल कंपनीने दिलेला डबा वाहिनी बदलायला वेळ लावतो, जाहिराती दाखवतो आणि त्यातलं कार्यक्रमपत्रक कुचकामी आहे, ही त्यांची तक्रार होती. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती आणली. ती सुरुवातीला तयार संगणकासोबतच मिळायची. ज्याला जुना पेंटियम, एक कार्ड आणि मोठी हार्ड डिस्क एवढ्यावर काम भागवायचं होतं, तो मिथटीव्हीकडे वळला. आणि तिथेच घोडं अडायचं.

बीटी878 ही मूळ ब्रुकट्री कंपनीच्या मालिकेतली चिप स्वस्त होती, म्हणून अनेक उत्पादकांनी ती उचलली. पण चिप तीच असली तरी तिच्या भोवतीची जोडणी प्रत्येकाची वेगळी. कुणी आवाजाची वाट एका पिनवरून नेली, कुणी दुसऱ्या. त्यातून कार्डावरचा ट्यूनर, म्हणजे अँटेनाची वायर जिथे लागते तो पत्र्याचा डबा, वेगवेगळ्या कंपन्यांचा. म्हणून ड्रायव्हरला दोन आकडे सांगावे लागत, एक कार्डाचा आणि एक ट्यूनरचा. फिलिप्सचा पाल-बीजी या प्रसारण-मानकाचा ट्यूनर असेल तर 5, त्याच कंपनीचा अमेरिकी एनटीएससी असेल तर 2. आकडा चुकला की पडद्यावर नुसत्या मुंग्या.

चित्र स्वच्छ, पण आवाजाच्या जागी खरखर, ही तक्रार त्याहून गोंधळात टाकणारी होती. तिचं मूळ प्रसारणाच्या मानकात सापडायचं. भारतात तेव्हा वापरात असलेल्या पाल-बीजी पद्धतीत आवाजाचा वाहक चित्राच्या वाहकापासून 5.5 मेगाहर्ट्झवर असतो. ब्रिटनच्या पाल-आयमध्ये 6 मेगाहर्ट्झवर, चीनच्या पाल-डीकेमध्ये 6.5 वर. दुसऱ्या देशाच्या मापाने लावलेलं कार्ड चित्र बरोबर पकडतं, आवाज मात्र चुकीच्या जागी शोधत बसतं. कार्ड बिघडलं समजून ते परत करायला निघालेल्या माणसाला हे समजावून सांगणारा कुणीतरी भेटला, तर एका ओळीच्या बदलात काम व्हायचं. काही वेळा तर कारण आणखी साधं असे: कार्डापासून साउंड कार्डाच्या लाइन-इनपर्यंत जाणारी छोटी वायर लावायचीच राहिलेली असे.

रिमोटची कहाणी स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. लिर्क या प्रकल्पाने संगणकाला रिमोट समजायला शिकवलं, आणि त्यासाठी लागणारा रिसीव्हर घरी सोल्डर करण्याइतका सोपा ठेवला. टीएसओपी1738 हा तीन पायांचा सेन्सर, पाच व्होल्टचा छोटा रेग्युलेटर, एक डायोड, एक रेझिस्टर, एक कपॅसिटर आणि सिरियल पोर्टचा नऊ पिनांचा कनेक्टर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सगळे सुटे भाग एका फेरीत मिळण्यासारखे. मंडळ बरोबर जुळवूनही संगणक ‘उपकरण व्यस्त आहे’ असं सांगून हात झटकायचा, कारण कर्नलचा नेहमीचा सिरियल ड्रायव्हर तो पोर्ट आधीच धरून बसलेला असे. आधी त्याला सोडायला लावा, मग लिर्कचा ड्रायव्हर चढवा, हा उपाय स्वयंसेवकांनी न कंटाळता किती जणांना सांगितला असेल, त्याची मोजदाद नाही. फेडोरा या लिनक्स वितरणावर मिथटीव्ही बसवण्याची पुष्कळ वाचली गेलेली मार्गदर्शिका लिहिणारे जॅरॉड विल्सन यांनीच पुढे लिर्कचे ड्रायव्हर 2010 मध्ये, 2.6.36 या आवृत्तीत, मुख्य कर्नलमध्ये नेले. दुसऱ्यांच्या अडचणी सोडवताना ज्याला मूळ दोष दिसतो तोच तो मुळाशी जाऊन काढतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण विरळा.

पण या काळातला सर्वात सुंदर निदानाचा किस्सा फाइल पुसण्याचा आहे. तक्रार विचित्र होती. रात्रीचा कार्यक्रम नीट रेकॉर्ड होत असताना मधेच काही सेकंदांचा तुकडा गायब. कधी होई, कधी नाही. लोकांनी कार्डं बदलली, अँटेनाच्या वायरी बदलल्या, मेमरी वाढवली. शेवटी वेळा ताडून पाहिल्यावर लक्षात आलं, की जेव्हा घरातलं कुणी जुना कार्यक्रम पुसतं तेव्हाच नवा तुटतो. एका तासाचा एमपेग-2 कार्यक्रम साधारण दोन गीगाबाइट भरायचा. त्या वेळी बहुतेकांच्या डिस्कवर ईएक्सटी3 ही फाइलप्रणाली असे, आणि एवढी मोठी फाइल पुसताना तिला जागेच्या नोंदींचे ढीग एकामागून एक वाचून मोकळे करावे लागत. तेवढा वेळ डिस्क अडकून राही, कार्डाकडून येणारा प्रवाह तुंबे आणि सांडे. यावर आधी एक्सएफएस किंवा जेएफएस वापरा असा सल्ला निघाला. मग मिथटीव्हीतच ‘फाइली सावकाश पुसा’ असा पर्याय आला: पुसायची फाइल शेपटाकडून थोडी थोडी कापत न्यायची, म्हणजे डिस्कला मधे मधे श्वास घ्यायला मिळतो. कुठल्याही प्रयोगशाळेत हे सहज सापडलं नसतं. त्यासाठी चालू रेकॉर्डिंग, भरलेली डिस्क आणि त्याच वेळी पुसणारं माणूस, असं खरं घरच लागतं.

काही बिघाड संगणकात नसायचेही. उत्तर अमेरिकेतले मिथटीव्ही वापरणारे कार्यक्रमांचं वेळापत्रक झॅपटूइट लॅब्सकडून फुकट घेत. 1 सप्टेंबर 2007 पासून ती सेवा बंद झाली, आणि वेळापत्रकाशिवाय हे यंत्र आंधळंच. तेव्हा मिथटीव्ही आणि वेळापत्रकांवरच काम करणारा एक्सएमएलटीव्ही प्रकल्प यांच्याशी जोडलेल्या मंडळींनी शेड्यूल्स डायरेक्ट ही ना-नफा संस्था उभी केली आणि माफक वर्गणीत तीच माहिती पुन्हा मिळवून दिली. त्याआधी कायद्याचं संकट येऊन गेलं होतं. नोव्हेंबर 2003 मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ‘ब्रॉडकास्ट फ्लॅग’चा नियम केला: 1 जुलै 2005 पासून बनवल्या जाणाऱ्या डिजिटल ट्यूनरने प्रसारणातली ती खूण पाळून कार्यक्रमाचं बेधडक पुनर्वितरण रोखायचं. घरी बनवलेल्या रेकॉर्डरांवर ही कुऱ्हाडच होती. ग्रंथालयांच्या संघटनेने पुढे होऊन दावा लढवला आणि मे 2005 मध्ये अपील न्यायालयाने नियम रद्द केला.

घरच्या मीडिया सेंटरची दुसरी वाट खेळाच्या डब्यातून निघाली. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये 733 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि अवघी 64 मेगाबाइट मेमरी होती. त्यावर चालणारा एक्सबॉक्स मीडिया प्लेयर 2002 साली आला, त्यातून एक्सबीएमसी जन्मलं आणि 2014 मध्ये त्याचं नाव कोडी झालं. इथे ट्यूनर फारसा नव्हता, म्हणून तक्रारींचा पोत वेगळा: फाइल उघडते पण अडखळते, सबटायटल चौकोन होऊन दिसतात, नेटवर्कवरचं फोल्डर सापडत नाही. या मंडळींची शिस्त कडक होती. डीबग लॉग चालू करा, बिघाड पुन्हा घडवून आणा, मग पूर्ण लॉग दाखवा. त्याशिवाय अंदाज बांधायचा नाही. नवख्याला हा कोरडेपणा टोचायचा. तरी तो योग्यच होता, कारण ‘चालत नाही’ या दोन शब्दांवरून कुणाचंही निदान होत नाही, आणि लॉगमधली एक ओळ पुष्कळदा पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगते.

1 नोव्हेंबर 2012 पासून मुंबईत केबलचं ॲनालॉग प्रसारण थांबलं आणि सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. संगणकातल्या ॲनालॉग ट्यूनरला वाहिन्या मिळेनाशा झाल्या. ज्यांना रेकॉर्डिंग चालू ठेवायचं होतं त्यांनी बॉक्सची पिवळी वायर कार्डाच्या व्हिडिओ इनपुटला लावली आणि वाहिनी बदलण्यासाठी बॉक्ससमोर इन्फ्रारेडचा दिवा चिकटवला. लिर्क आता हुकूम ऐकण्याऐवजी सोडू लागलं. त्याच वर्षी रास्पबेरी पाय आला आणि तळहाताएवढ्या पाटीवर एक्सबीएमसी चालू लागलं. त्याच्यावर जुने एमपेग-2 कार्यक्रम सुरळीत चालवायला 2.40 पौंडांचा वेगळा परवाना घ्यावा लागे, आणि तो ठाऊक नसल्याने पुष्कळांना पडदा अडखळताना दिसला.

ट्यूनर कार्डांना मात्र अलीकडे नवं काम मिळालंय. बीटी878 नंतरच्या सीएक्स2388एक्स चिपच्या जुन्या कार्डांसाठी सीएक्सएडीसी नावाचा ड्रायव्हर आहे. तो टीव्हीचं चित्र उलगडत नाही, आत येणारा कच्चा संकेत सेकंदाला सुमारे 2 कोटी 86 लाख वेळा मोजून साठवतो. स्वयंसेवक व्हीसीआरच्या हेडपासून निघणारा संकेत थेट या कार्डात घालतात, आणि व्हीएचएस-डीकोड हा प्रोग्रॅम पुढचं सगळं काम सॉफ्टवेअरमध्ये करतो. व्हीसीआरच्या स्वतःच्या मंडळांतून गेल्यावर हरवणारा तपशील त्यामुळे हाती लागतो. लग्नाच्या, बारशाच्या कॅसेट माळ्यावर ठेवलेल्या घरांसाठी ही मोलाची गोष्ट आहे, कारण चुंबकीय फीत वर्षागणिक झिजतेच. काही जण कार्डावरचा क्रिस्टल काढून त्या जागी 40 मेगाहर्ट्झचा बसवतात. तेव्हा चिप जास्त तापते, म्हणून तिच्यावर छोटा हीटसिंक चिकटवावा लागतो.