रिकाम्या टाकीची कहाणी

लोहाराच्या भट्टीपुढे क्षणभर उभे राहिले तरी एक गोष्ट ध्यानात येते. भट्टी तीच, कोळसा तोच. परंतु भात्याचा वारा लागला की निखारा फुलतो आणि वारा थांबला की त्यावर राख धरते. मोटारीच्या इंजिनाचा न्याय याहून निराळा नाही. एक भाग पेट्रोल पुरते जाळावयाचे तर वजनाने सुमारे १५ भाग हवा लागते. सिलिंडरमधला दट्ट्या खाली जाताना जेवढी हवा ओढून घेईल, तेवढ्याच बेताने पेट्रोल जळणार आणि तेवढीच शक्ती मिळणार. अधिक शक्ती हवी असेल तर इंजिन मोठे करावे, नाहीतर आहे त्याच इंजिनाला भाता जोडावा.

हा भाता ओढावयाचा कोणी, हा खरा प्रश्न होता. इंजिनानेच तो ओढावा, तर मिळालेल्या शक्तीतला मोठा वाटा तोच खाऊन टाकतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली याचे जे उत्तर पेटंट म्हणून नोंदविले, ते ऐकावयास अगदी सोपे होते. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर आपल्याबरोबर पुष्कळ शक्ती वाया घेऊन जातो. त्याच्या वाटेत एक चक्र बसवावे आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारे दुसरे चक्र बसवावे. धुराने पहिले फिरेल, त्यासरशी दुसरे फिरेल आणि इंजिनात हवा कोंबली जाईल. टर्बोचार्जर म्हणतात तो हाच. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी सुमारे १४,००० फूट उंचीच्या पाइक्स पीक या डोंगरावर विमानाचे लिबर्टी इंजिन नेऊन त्याची परीक्षा घेतली. सपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन तेथील विरळ हवेत २३० वर आले होते. टर्बोचार्जर जोडताच ते ३५६ वर गेले. पुढे जहाजांच्या डिझेल इंजिनांनी आणि दुसऱ्या महायुद्धातील विमानांनी ही युक्ती आपलीशी केली.

मग घरगुती मोटारीलाच ती लाभावयास १९६२ साल का उजाडावे लागले? जहाज काय किंवा विमान काय, एकदा वेग धरला की तासन्‌तास एका चालीने जाते. मोटार मात्र क्षणात थांबते, क्षणात धावते. चालकाने पाय दाबला तरी धुराचा जोर वाढून चक्राला वेग येईपर्यंत थोडा अवधी जातोच. दुसरी अडचण याहून गंभीर होती. हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचे टोक हाताला का भाजते हे ज्याने पंप मारला आहे त्याला सांगावयास नको. अशी तापलेली हवा सिलिंडरमध्ये पुन्हा दाबली गेली की पेट्रोलचा काही भाग ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता आपणहूनच भडकतो. धातूवर हातोडी पडावी तसा खणखणाट ऐकू येतो. याला नॉकिंग म्हणतात. ते फार काळ चालले तर दट्ट्याला भोकसुद्धा पडते.

१९६२ साली जनरल मोटर्स या एकाच अमेरिकन उद्योगसमूहातील दोन शाखांनी काही आठवड्यांच्या अंतराने टर्बोचार्जर लावलेल्या पेट्रोल गाड्या बाजारात आणल्या. संकट एकच, पण उत्तरे दोन होती. शेवरोलेने आपल्या कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर या गाडीत साधा मार्ग पत्करला. सिलिंडरमधील दाबाचे प्रमाण ८ ला १ इतके बेताचे ठेवले, म्हणजे बाहेरून कोंबलेल्या हवेला जागा राहिली. त्या सहा सिलिंडरच्या, सुमारे २.४ लिटरच्या इंजिनातून १५० अश्वशक्ती मिळू लागली. त्यात चुकते माप एवढेच की भाता जोराने चालेपर्यंत गाडी थोडी मंद वाटे.

ओल्डस्मोबील शाखेच्या अभियंत्यांना हा मंदपणा नको होता. त्यांच्या जेटफायर या गाडीचे इंजिन ॲल्युमिनियमचे, आठ सिलिंडरचे आणि २१५ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ३.५ लिटरचे होते. त्यातील दाबाचे प्रमाण त्यांनी १०.२५ ला १ असे उंचच ठेवले आणि वर गॅरेट कंपनीचा टर्बोचार्जर चढविला. हेच इंजिन टर्बोचार्जरवाचून फार तर १८५ अश्वशक्ती देई. आता ते २१५ देऊ लागले. एका घनइंचाला एक अश्वशक्ती, ही त्या काळी अभिमानाने मिरविण्याजोगी गोष्ट होती. परंतु एवढ्या दाबात नॉकिंग टळावे कसे?

त्यासाठी त्यांनी एक जुना उपाय हाती घेतला. मातीच्या माठातले पाणी उन्हाळ्यात गार राहते, कारण माठाच्या अंगावरचे पाणी वाफ होऊन उडताना आतली उष्णता घेऊन जाते. तेच तत्त्व येथे कामी आले. शुद्ध पाणी आणि मिथाइल अल्कोहोल निम्मे-निम्मे, शिवाय गंज न चढावा म्हणून थोडे औषध, असे मिश्रण एका वेगळ्या टाकीत भरलेले असे. त्याला टर्बो रॉकेट फ्लुइड असे भारदस्त नाव होते. टर्बोचार्जरचा दाब वाढला की या द्रवाचे तुषार आत जाणाऱ्या हवेत उडत, त्यांची वाफ होताना हवा गार होई आणि नॉकिंग टळे. युद्धकाळात विमानांच्या इंजिनांवर असाच उपाय केला गेला होता व तो यशस्वी ठरला होता.

टाकी रिकामी झाली तर? अभियंत्यांनी तोही विचार केला होता. चालकासमोर दिवा लागे आणि हवेच्या वाटेत बसविलेली एक झडप टर्बोचार्जरचा जोर आवरून धरी. इंजिन मोडू नये एवढी काळजी घेतली होती. कागदावर योजनेत कोठे उणे नव्हते.

उणे निघाले ते रस्त्यावर. गाडी विकत घेणारा गृहस्थ पेट्रोल भरावे, अधूनमधून ऑईल आणि रेडिएटरचे पाणी पाहावे, एवढेच जाणत होता. आणखी एक टाकी, आणि तीही विक्रेत्याकडून मिळणाऱ्या खास द्रवाने भरावयाची, ही सवय त्याला कधी कोणी लावली नव्हती. टाकी कोरडी पडे, झडप आपले काम करी, गाडी ओढेनाशी होई. आणि मालक तक्रार घेऊन येई की जाहिरातीतली शक्ती गेली कोठे. झडपा, पडदे आणि रबरी नळ्या यांचे ते जाळे उलगडून पाहण्याचा सराव गावोगावच्या मिस्त्रींनाही नव्हता. ज्यांनी गाडी कधी जोराने हाकलीच नाही, त्यांच्याकडे चक्राचा दांडा जाम होऊन बसल्याच्याही तक्रारी आल्या. खुद्द ॲल्युमिनियमचे इंजिनही नाजूक प्रकृतीचे होते. भलत्याच प्रकारचे अँटिफ्रीझ घातले की आतून झिजून रेडिएटरमध्ये गाळ साचे.

दोन वर्षांत सुमारे ९,६०० जेटफायर तयार झाल्या आणि १९६३ बरोबर हे प्रकरण आटोपले. १९६५ साली तर टर्बोचार्जर काढून त्या जागी साधा चौपदरी कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय कंपनीनेच केली. पुष्कळ मालकांनी ती आनंदाने पत्करली. त्यामुळे मूळ यंत्रणा शाबूत असलेली जेटफायर आज क्वचितच पाहावयास मिळते. कॉर्व्हेअरचा साधा टर्बोचार्जर मात्र १९६६ पर्यंत चालू राहिला. त्याच्या मालकाकडून वेगळी सेवा मागितली जात नव्हती, हेच त्याचे भाग्य.

जेटफायर फसली ती धातू वाईट म्हणून नव्हे. त्याच कुळातल्या इंजिनाचे हक्क इंग्लंडच्या रोव्हर कंपनीने घेतले, १९६७ पासून ते आपल्या गाड्यांत बसविले, आणि पुढे रेंज रोव्हरसह अनेक गाड्यांतून ते शतक उलटेपर्यंत राबत राहिले. तत्त्वही खोटे नव्हते. विमानात तोच द्रव यशस्वी झाला, कारण तेथे प्रत्येक उड्डाणापूर्वी टाकी तपासणारी माणसे नेमलेली होती. विमानाचे यंत्र मोटारीत आले. त्यामागची माणसे काही आली नाहीत. शुभवर्तमानात दहा कुमारींचा दाखला आहे. पाच जणींच्या दिव्यात ऐन वेळी तेल नव्हते आणि दार त्यांच्यासाठी बंद झाले. दाखला माणसाने जागे राहावे म्हणून सांगितला आहे, आणि ते खरेच आहे. परंतु हजारो घरांत जाणारे यंत्र रचणाऱ्याने सगळेच शहाण्या कुमारींसारखे वागतील, असे गृहीत धरून चालत नाही.

हा धडा स्वीडनच्या साब कंपनीने नीट गिरविला. पेर गिलब्रांड यांच्या देखरेखीखाली घडलेली साब ९९ टर्बो १९७७ साली लोकांसमोर आली. दोन लिटरचे इंजिन आणि १४५ अश्वशक्ती. तिच्यात मुद्दाम लहान चक्र घातले होते. ते लवकर वेग घेई, आणि ठरलेल्या दाबापुढे गेले की एक झडप जादा धूर बाजूने सोडून देई. १९८० नंतरच्या काही वर्षांत त्याच कंपनीने इंजिनाला कान बसविला. नॉकिंगची चाहूल लागताच तो झडपेला इशारा देई आणि दाब आपोआप उतरे. हलके पेट्रोल घातले तर शक्ती थोडी कमी मिळे, पण इंजिन सुखरूप राही. जे काम जेटफायरने मालकाच्या आठवणीवर सोपविले होते, ते आता यंत्रच करू लागले.

तरी एक खोड बराच काळ राहिली. टर्बोचार्जरचा दांडा आजच्या लहान इंजिनांत मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो तरंगतो तेलाच्या पातळ थरावर. लांबचा घाट चढून आल्याबरोबर किल्ली फिरवून इंजिन बंद केले की तेलाचा प्रवाह थांबतो, आणि तापलेल्या घरातले तेल करपून त्याची काजळी बसते. मग दांडा डुगडुगतो, तेल गळते आणि मागून निळा धूर निघू लागतो. पुढे या घराभोवती पाणी खेळविल्यामुळे हा त्रास पुष्कळ कमी झाला.

आता टर्बोचार्जर लावलेले लहान पेट्रोल इंजिन आपल्याकडेही घरोघरी आले आहे. २०१३ साली पुण्याजवळच्या चाकण येथे तयार होणाऱ्या पोलो गाडीत १.२ लिटरचे असे इंजिन आले. ते १०५ अश्वशक्ती देई. अशा इंजिनांत पेट्रोलच थेट सिलिंडरमध्ये तुषारांच्या रूपाने सोडतात. त्याची वाफ होताना आतली हवा गार होते. जेटफायरच्या वेगळ्या टाकीचे काम असे पेट्रोलवरच सोपविले गेले. मालकाकडे उरले ते थोडेच: सांगितलेल्या जातीचे ऑईल, ते वेळेवर बदलणे, आणि दमून आलेल्या इंजिनाला बंद करण्यापूर्वी मिनिटभर संथ चालू देणे. मागणी एवढी लहान झाली, म्हणूनच ती पाळली जाण्याची आशा धरता येते. तरीही ती मागणीच आहे. साठ वर्षांपूर्वीचा तो दिवा रिकाम्या टाकीची खूण देत होता. त्याकडे पाहावयाचे की नाही, हे काम मात्र आजही कोणत्याच यंत्राला सोपविता आलेले नाही.