व्याधाचा सोबती

हिवाळ्याच्या रात्रीं मृगनक्षत्राच्या पाठीशीं लखलखणारा व्याध कोणीं पाहिला नाहीं? परंतु त्याच्या तेजांत लपलेल्या सोबत्यानें मनुष्यास दिक्कालाविषयीं काय शिकविलें, हें थोड्यांसच ठाऊक असतें. तो इतिहास बोधप्रद असल्यामुळें आम्ही तो येथें संक्षेपानें देत आहों.

१८४४ सालीं बेसेल या जर्मन ज्योतिर्विदांनीं दाखविलें कीं, व्याध आकाशांत सरळ न जातां किंचित् डुलत जातो. अर्थात् त्यास ओढणारा कोणी अदृश्य तारा जवळ असला पाहिजे. १८६२ च्या जानेवारींत अमेरिकेंत आल्व्हन ग्रॅहॅम क्लार्क हे नव्या दुर्बिणीचें भिंग पारखीत असतां त्यांस तो प्रथम दिसला. व्याधाहून तो सुमारें दहा हजार पटींनीं मंद. मंद तारा थंड असावा, असें कोणासही वाटेल. पण १९१५ सालीं माउंट विल्सन वेधशाळेंत वॉल्टर अ‍ॅडम्स यांनीं त्याचा वर्णपट तपासला, तेव्हां तो शुभ्र व तप्त निघाला. तप्त असूनही मंद, तेव्हां तो अगदीं लहानच असला पाहिजे. त्याचें वस्तुमान सूर्याएवढें आणि आकार पृथ्वीएवढा! त्याचें चमचाभर द्रव्य दहा टनांहून अधिक भरेल. अशा ताऱ्यांस आज श्वेतबटु म्हणतात.

इतक्या घन ताऱ्याजवळ काय घडावें? आइन्स्टाइन यांच्या १९१५ च्या सिद्धांताप्रमाणें जड वस्तूभोवतीं दिक् आणि काल हीं दोन्ही वांकतात. तेथें घड्याळ मंद चालतें. अणूचें कंपन हेंही एक घड्याळच. म्हणून त्या ताऱ्याच्या वर्णपटांतील रेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या दिसाव्या. दूर जाणाऱ्या ताऱ्याच्या रेषाही अशाच सरकतात. त्यामुळें हें विचलन वेगाच्या मापानें सांगण्याचा प्रघात आहे. १९२४ सालीं एडिंग्टन यांनीं गणितानें तें सेकंदास सुमारें २० किलोमीटर काढलें. पुढच्याच वर्षीं अ‍ॅडम्स यांचें माप आलें सुमारें २१. सिद्धांतास याहून उत्तम साक्षी कोणता हवा?

पण दोन्ही आंकडे चुकीचे होते. एडिंग्टन यांनीं ताऱ्याचा आकार फार मोठा धरला होता; आणि अ‍ॅडम्स यांच्या वर्णपटांत व्याधाचाच प्रकाश मिसळला होता. १९७१ सालीं ग्रीनस्टाइन व त्यांचे सहकारी यांनीं फिरून मोजणी केली, तेव्हां विचलन चौपट भरलें. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या हबल दुर्बिणीच्या वेधांनीं तें सेकंदास सुमारें ८० किलोमीटर ठरविलें. म्हणजे आपल्या मानानें तेथील घड्याळ दिवसास सुमारें २३ सेकंद मागें पडेल. ताऱ्याचें खरें वस्तुमान व खरा आकार घेऊन केलेलें गणितही हेंच सांगतें.

सिद्धांत खरा, पण या ताऱ्याकडून मिळालेला त्याचा पहिला पुरावा खोटा, असा हा विलक्षण योग होता. अपेक्षित उत्तर हातीं आलें म्हणजे तपासणारा डोळा किंचित् मिटतो, हा मनुष्यस्वभाव आहे. थोर पंडितही त्यास अपवाद नाहींत. म्हणून पहिल्या साक्षीदारांइतकाच मान, मान्य झालेली गोष्ट पुन्हां मोजावयास बसणाऱ्यांस द्यावा, असें आम्हांस वाटतें. त्यांच्या श्रमामुळेंच ती गोष्ट आज ज्ञान या नांवास पात्र झाली आहे.