साम्राज्य तेच, नाव मात्र दुसरे
‘सिव्हिलायझेशन ७’ आणि जुन्या चाहत्याची द्विधा अवस्था

‘आणखी एकच खेळी’ असे स्वतःला बजावत पहाट उजाडेपर्यंत संगणकासमोर बसणाऱ्यांची एक अख्खी पिढी जगभर आहे. या पिढीला जागे ठेवणाऱ्या खेळाचे नाव ‘सिड मायर्स सिव्हिलायझेशन’. १९९१ साली सुरू झालेल्या या मालिकेचा सातवा मुख्य भाग ११ फेब्रुवारी २०२५ रोजी बाजारात आला. नव्या भागाची वाट सर्वाधिक आतुरतेने पाहिली ती जुन्या चाहत्यांनी आणि त्याच्यावर सर्वाधिक रुष्ट झाले तेही जुने चाहतेच. खेळ वाईट आहे, असे त्यांच्यापैकी अनेकांचे म्हणणे नाही. ‘हा आपला खेळ राहिला आहे का?’ हा त्यांचा प्रश्न आहे.

हा प्रश्न समजून घ्यायचा तर आधी मूळ खेळ समजून घ्यायला हवा.

सहा हजार वर्षांची एक कथा

सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी ‘मायक्रोप्रोज’ या अमेरिकी कंपनीत पहिला ‘सिव्हिलायझेशन’ तयार केला. खेळाची सुरुवात इसवी सनपूर्व ४००० मध्ये होते. खेळाडूच्या हाती वसाहतकऱ्यांची एक तुकडी आणि भोवती अज्ञात अंधारा नकाशा, एवढेच भांडवल असते. त्यातून पहिले नगर वसवायचे, शेती-रस्ते उभारायचे, लिपीपासून अणुशक्तीपर्यंतचे शोध क्रमाने लावायचे, शेजाऱ्यांशी तह किंवा युद्ध करायचे आणि अखेरीस जग जिंकायचे किंवा दूरच्या ताऱ्याकडे अंतराळयान धाडायचे. बुद्धिबळाप्रमाणे प्रत्येकाने आपापल्या पाळीने चाल करायची असल्याने घाई कसलीच नसते. मात्र प्रत्येक खेळीच्या शेवटी काहीतरी ‘आता होणारच’ असते. कुठे धान्याचे कोठार पुरे होणार असते, तर कुठे नवा शोध हाती येणार असतो. उठावेसे वाटत नाही ते त्यामुळेच.

या साऱ्याच्या मुळाशी एक साधी कल्पना होती. खेळाडू सुरुवातीला एक संस्कृती निवडतो आणि अखेरपर्यंत तिची साथ सोडत नाही. रोमन म्हणून पहिले नगर वसवले, तर अंतराळयानही रोमनांचेच. इतिहासाच्या दृष्टीने हे अशक्य असले, तरी भावनेच्या दृष्टीने तेच खेळाचे बळ होते. आपण लावलेले रोप आपल्याच अंगणात वृक्ष होताना पाहण्याचे समाधान त्यात होते.

तक्रारींची परंपरा

नव्या भागावर नाराज होणे ही या मालिकेच्या चाहत्यांची जुनी रीत आहे. १९९६ मध्ये ब्रायन रेनॉल्ड्स यांच्या नेतृत्वाखाली दुसरा भाग आला. त्याच वर्षी मायर, रेनॉल्ड्स आणि जेफ ब्रिग्ज यांनी ‘फिरॅक्सिस’ ही नवी कंपनी स्थापन केली. २००१ मधील तिसऱ्या भागाने संस्कृतीचा प्रभाव आणि राज्यांच्या सीमा आणल्या. २००५ मधील चौथ्या भागाने धर्म आणला. या भागासाठी ख्रिस्तोफर टिन यांनी रचलेल्या ‘बाबा येतू’ या स्वाहिली गीताला २०११ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. संगणकीय खेळाच्या संगीताला मिळालेले ते पहिले ग्रॅमी होय. त्याच वर्षी, म्हणजे २००५ मध्ये, ‘टेक-टू’ या कंपनीने फिरॅक्सिस विकत घेतली.

खरी खळबळ उडवली ती २०१० मधील पाचव्या भागाने. नकाशावरील चौकोनी घरे जाऊन षटकोनी घरे आली आणि एका घरात एकच लढाऊ तुकडी, असा नियम झाला. पूर्वी एकाच घरात डझनभर तुकड्यांचा ढीग रचून चालून जाता येत असे. ती सोय गेली. चौथ्या भागातील धर्म आणि हेरगिरीही वगळण्यात आली. ‘हा खेळ सोपा करून टाकला’, ही त्या वेळची तक्रार होती. पुढे २०१२ आणि २०१३ मधील दोन पुरवणी भागांनी उणिवा भरून काढल्या आणि आज अनेक चाहते त्याच पाचव्या भागाची आठवण हळवेपणाने काढतात. २०१६ मध्ये सहावा भाग आला, तेव्हा त्याची चित्रे लहान मुलांच्या कार्टूनसारखी आहेत, अशी नाके मुरडली गेली. तोही भाग कालांतराने घराघरांत रुळला.

मालिकेचा निर्मितीमंत्रही यासंदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. नव्या भागात एक तृतीयांश जुने तसेच ठेवायचे, एक तृतीयांश सुधारायचे आणि एक तृतीयांश पूर्णतः नवे आणायचे, असा हा सूत्रबद्ध प्रघात आहे. सातव्या भागापुरता वाद आहे तो नव्या तृतीयांशाने नेमक्या कशाची जागा घेतली, याचा.

तीन युगे, तीन संस्कृती

सातव्या भागाचे सर्जनशील संचालक एड बीच. सहाव्या भागाची आणि पाचव्याच्या दोन्ही पुरवण्यांची रचनाही त्यांच्याच नेतृत्वाखाली झाली होती. या वेळी त्यांच्या चमूने एका डावाचे तीन तुकडे केले. प्राचीन युग, शोधयुग आणि आधुनिक युग अशी ही विभागणी आहे. प्रकाशनावेळच्या रचनेत पहिल्या दोन युगांच्या अखेरीस राज्यावर संकट कोसळे, युग संपे आणि पुढील युगासाठी खेळाडूला नवी संस्कृती निवडावी लागे. नेता तोच राही, राष्ट्र मात्र बदले. बेंजामिन फ्रँकलिन मौर्यांचे नेतृत्व करू शकतात आणि सम्राट अशोक रोमचे.

पुढच्या युगात कोणती संस्कृती मिळेल, हे आधीची संस्कृती, निवडलेला नेता आणि खेळण्याची रीत यांवर ठरते. उदाहरणार्थ, पुरेसे घोडे मिळवले, तर मंगोलांचा पर्याय खुला होतो. प्रकाशनावेळच्या नियमांनुसार युगांतराच्या क्षणी सुरू असलेली युद्धे थांबत, सैन्याची फेररचना होई आणि राजधानीखेरीज बहुतेक शहरे पुन्हा लहान गावांच्या दर्जावर येत. म्हणजे जवळजवळ नव्याने सुरुवात.

जुन्या चाहत्याला काटा टोचतो तो इथे. ज्या नगराला त्याने शंभर खेळ्या जोपासले, त्या नगरावर एका रात्रीत दुसराच झेंडा फडकतो. पराभव झाला असता, तर समजण्यासारखे होते. इथे विजयी असतानाही नाव सोडावे लागे.

आजार खरा, औषध कडू

तरीही निर्मात्यांना एकतर्फी दोष देता येत नाही. या मालिकेचा जुना आजार सर्वांना ठाऊक होता. डावाचा पहिला तिसरा हिस्सा विलक्षण रंगतो. उत्तरार्धात मात्र निकाल जवळपास ठरलेला असतो. आघाडीवर असलेला खेळाडू अधिकाधिक पुढे जातो आणि उरते ती डझनावारी शहरांची आणि तुकड्यांची कंटाळवाणी हजेरी. बरेच खेळाडू डाव पुरा करीतच नाहीत, असे फिरॅक्सिसने या बदलांचे कारण सांगताना स्पष्ट केले होते. ही तक्रार मुळात चाहत्यांचीच. युगांच्या भिंती उभारून घसरगुंडी थोपवण्याचा हा प्रयत्न होता.

इतर बाबतींत तर सुधारणा निर्विवाद आहेत. शेतीभाती करणाऱ्या कामगार तुकड्या एकेक करून हलवण्याची कटकट गेली. शहर वाढले की भोवतालची जमीन आपोआप उपयोगात येते. सेनापतीच्या हाताखाली अनेक तुकड्या एकत्र नेता येऊ लागल्याने, पाचव्या भागापासून रेंगाळलेली सैन्याची वाहतूककोंडी सुटली. मोठ्या नद्यांमधून जहाजे जाऊ लागली. हे सारे जुन्या चाहत्यालाही मनापासून आवडते आणि त्याची अडचण नेमकी हीच आहे. खेळ सरसकट नावडता, तर तो बाजूला ठेवून जुन्या भागाकडे परतणे सोपे होते.

मौर्य, चोळ आणि मुघल

भारतीय खेळाडूसाठी या वादाला आणखी एक पदर आहे. आजवरच्या भागांत ‘भारत’ नावाची एक अखंड संस्कृती असे आणि पहिल्या भागापासून तिचे नेतृत्व महात्मा गांधींकडे. इसवी सनपूर्व ४००० मध्ये गांधीजी भाले घेतलेल्या सैनिकांना आज्ञा देत आहेत, हे दृश्य विनोदीच होते. चौथ्या भागात अशोक आणि सहाव्याच्या पुरवणीत चंद्रगुप्त मौर्य आले, तरी ‘भारत’ हा एकच साचा कायम राहिला.

सातव्या भागात प्रथमच हा साचा मोडला. प्राचीन युगात मौर्य, शोधयुगात चोळ आणि आधुनिक युगात मुघल, अशा तीन स्वतंत्र संस्कृती आल्या. एका भूमीवर सत्ता, भाषा, दरबार बदलत जातात आणि तरीही काहीतरी टिकून राहते, हे भारतीय इतिहासाचे वास्तव या रचनेत जुन्या साच्याहून अधिक दिसते. खेळातही आधीच्या संस्कृतीच्या काही परंपरा पुढच्या युगात सोबत नेता येतात आणि काही वास्तू कालातीत राहतात. पाटलीपुत्राच्या पायावर नवी राजधानी उभी राहावी, तसेच हे.

मात्र तीन नावे ओळीने मांडली म्हणजे इतिहास होत नाही. मौर्य सत्ता इसवी सनपूर्व १८५ च्या सुमारास अस्तास गेली. राजेंद्र चोळांच्या आरमाराने श्रीविजयावर स्वारी केली ती १०२५ च्या सुमारास. चोळांची सत्ता तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात संपली आणि पानिपतावर बाबराचा विजय झाला तो १५२६ मध्ये. मगधातून तंजावूर आणि तंजावूरहून आग्रा-दिल्ली हा वारशाचा सरळ रस्ता नव्हे. मुघलांच्या सत्तेला उतरती कळा लावणाऱ्या मराठ्यांचे नाव प्रकाशनावेळच्या यादीत नव्हते, ही बाब मराठी खेळाडूच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. अर्थात, ही उपेक्षा एकट्या मराठ्यांच्या वाट्याला आली नाही. प्रकाशनाच्या दिवशी यादीत ब्रिटनही नव्हते. ते मार्च २०२५ मध्ये आले, तेही वेगळे पैसे मोजल्यावर.

गांधीजींची अनुपस्थिती

प्रकाशनावेळी आणखी एक नाव गायब होते, ते म्हणजे गांधीजींचे. मालिकेच्या मुख्य भागाचा प्रारंभ त्यांच्याविना होण्याची ही पहिलीच वेळ. पहिल्या भागातील एका गणिती चुकीमुळे शांतताप्रिय गांधीजी अचानक अण्वस्त्रे डागू लागत, ही आख्यायिका जगभर चवीने सांगितली जाते. अशी चूक मुळात नव्हतीच, असा खुलासा मायर यांनी २०२० मधील आपल्या आत्मकथनात केला. गंमत अशी, की पाचव्या भागात गांधीजींची अण्वस्त्रांची ओढ निर्मात्यांनी विनोद म्हणून हेतुतः वाढवली होती. भारतीय खेळाडूला हा विनोद कधी हसवीत असे, कधी खुपत असे. तरीही तो चेहरा दिसला नाही, तेव्हा चुकल्यासारखे वाटलेच.

घाईची किंमत

या मूळ वादात प्रकाशनाच्या घाईने तेल ओतले. मूळ आवृत्तीची किंमत सुमारे ७० डॉलर, तर सर्वांत महागडी सुमारे १३० डॉलर. महागड्या आवृत्त्या घेणाऱ्यांना ६ फेब्रुवारीपासूनच खेळ मिळाला आणि अपुऱ्या माहितीचा, ओबडधोबड मांडणीचा पडदाही त्यांनीच आधी पाहिला. ‘स्टीम’ या विक्रीमंचावर ग्राहकांचा कौल ‘संमिश्र’ असा नोंदवला गेला. फिरॅक्सिसने काही दिवसांतच मांडणीतील उणिवा मान्य करून दुरुस्त्यांचे आश्वासन दिले. २०२५ मध्ये त्या टप्प्याटप्प्याने आल्याही. युगांतरात सैन्य जागच्या जागी राहील, असा सातत्याचा पर्याय त्यात होता. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने, एकच संस्कृती सर्व युगांत खेळता येईल अशा पद्धतीची चाचणी घेत असल्याचे जाहीर केले. चाहत्यांच्या नाराजीचे मूळ कुठे होते, याची ही कबुलीच म्हणायला हवी.

संस्कृती बदलण्याची ही कल्पना तशी नवी नव्हती. ‘अॅम्प्लिट्यूड’च्या ‘ह्युमनकाइंड’ने २०२१ मध्येच ती राबवली होती. तिथे ती खुपली, तरी तिच्याशी तीन दशकांचे नाते जोडलेले नव्हते. ‘सिव्हिलायझेशन’मध्ये ते होते. चौदा इंची पडद्यावर दुसरा भाग खेळलेला विद्यार्थी आज पन्नाशीकडे झुकला आहे. नोकरी बदलली, शहर बदलले, संगणक तर कितीदा बदलले. इसवी सनपूर्व ४००० मध्ये निवडलेले नाव मात्र शेवटच्या खेळीपर्यंत आपले असे, ही एकच खात्री त्याला या खेळाने दिली होती.

साम्राज्ये टिकत नाहीत, हा धडा सातवा भाग देतो आणि तो इतिहासाला धरून आहे. ती टिकावीत म्हणून तर आपण खेळत होतो, हे चाहत्याचे उत्तरही तितकेच खरे आहे. तूर्त तो तक्रार करतो, जुना भाग पुन्हा संगणकावर चढवतो आणि नव्या दुरुस्तीची बातमी आली, की रात्री जेवणानंतर सातवा भाग उघडून पाहतो. फक्त एकच खेळी, असे म्हणत.