मसल कार म्हणजे काय? आणि दमदार ब्रँड 'जुनाट' कधी वाटायला लागतात?

सोलापुरात 'वालचंद' म्हटलं की आपल्याला आधी कॉलेज आठवतं. पण ज्यांच्या नावाचं ते कॉलेज आहे त्या वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला, आणि भारतात मोटारी बनवण्यासाठी त्यांनी हात मिळवला तो अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी. 'फास्ट अँड फ्युरियस'मधली ती काळी डॉज चार्जर, जिचे रील्स तुमच्या फोनवर रोज येतात, ती याच क्रायस्लरची.

एकाच कंपनीशी नातं असलेल्या या दोन गोष्टी. एका बाजूला सात लिटर इंजिनाच्या मसल कार, दुसऱ्या बाजूला मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. दोन्हींच्या वाट्याला पुढे 'जुन्या जमान्याची गाडी' हा शिक्का आला, पण कारणं वेगळी होती. ती कारणं कळली की जुन्या नावाची नवी गाडी, बाइक किंवा फोन घेताना आपण फसत नाही. मी सोलापूरचाच असल्यामुळे या विषयावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. चला तर मग, सुरुवातीपासून बघूया.

मसल कार म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर मध्यम आकाराची, दोन दरवाजांची, परवडणारी अमेरिकन गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं अवाढव्य व्ही-८ इंजिन बसवायचं. झाली मसल कार तयार!

व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडर, चार-चारच्या दोन ओळींत, इंग्रजी 'व्ही'च्या आकारात मांडलेले. फेरारीसारखी वळणावर पळवायची ही गाडी नाही. सरळ रस्ता, हिरवा सिग्नल आणि पाव मैलाची शर्यत, एवढ्यासाठीच ती होती.

या प्रकाराची खरी सुरुवात १९६४च्या पाँटियाक जीटीओपासून झाली असं बहुतेक जण मानतात. गंमत म्हणजे पाँटियाकची मालक जनरल मोटर्स हिने मध्यम गाड्यांत मोठं इंजिन टाकायला बंदी घातली होती. पाँटियाकच्या इंजिनिअरांनी पळवाट काढली. जीटीओ ही वेगळी गाडी न दाखवता टेम्पेस्ट या साध्या गाडीवरचं 'ऑप्शन पॅकेज' म्हणून विकायला काढली. इंजिन ६.४ लिटरचं, ताकद ३२५ हॉर्सपॉवर. पोरांच्या उड्या पडल्या.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्ड मस्टँग आली. ती आकाराने लहान म्हणून तिला 'पोनी कार' म्हणतात, पण मोठ्या इंजिनाची मस्टँग लोक मसल कारमध्येच धरतात. मग क्रायस्लरने डॉज चार्जर, प्लिमथ रोड रनर, डॉज चॅलेंजर अशी रांगच लावली. त्यांचं '४२६ हेमी' इंजिन जवळपास ७००० सीसीचं होतं. म्हणजे १०० सीसीच्या ७० बाइकची इंजिनं एका बॉनेटखाली!

सीसी, टॉर्क, हॉर्सपॉवर: फरक काय?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

• सीसी म्हणजे इंजिनाच्या सगळ्या सिलिंडरमध्ये मिळून किती जागा आहे. जागा जास्त तर एका वेळी जास्त हवा आणि पेट्रोल जळणार.

• टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर बघा. त्याला हॉर्सपॉवर फार नसते, ४०-५० असते. पण टॉर्क भरपूर असतो, म्हणून तो भरलेल्या ट्रॉल्या हलवतो.

• हॉर्सपॉवर म्हणजे तो जोर किती वेगाने लावता येतो. टॉर्क आणि इंजिनाचे मिनिटाला फेरे, या दोन्हींवर ती ठरते.

आणि एक आकडा कोणी सांगत नाही, तो म्हणजे ताकद भागिले वजन. गाडी पळते ती या आकड्यावर. पुढे पद्मिनीच्या गोष्टीत तो कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

अजून एक जुनी चलाखी सांगतो. १९७१पर्यंत अमेरिकन कंपन्या 'ग्रॉस' हॉर्सपॉवर छापायच्या. म्हणजे इंजिन गाडीबाहेर टेबलावर ठेवून, नेहमीचा सायलेन्सर आणि बाकीचं सामान काढून मोजलेली ताकद. १९७२पासून सगळं सामान लावून मोजलेले 'नेट' आकडे आले आणि त्याच इंजिनांची ताकद कागदावर धाडकन खाली आली. आज फोनच्या जाहिरातीत स्क्रीनचा 'पीक ब्राइटनेस' छापतात, पण उन्हात हातात धरल्यावर तेवढा उजेड सारखा दिसत नाही. तसाच प्रकार.

मग मसल कार जुन्या का झाल्या?

तीन-चार गोष्टी एकामागोमाग आल्या. तरुण पोरांच्या हातात ४०० हॉर्सपॉवर दिल्यावर अपघात वाढले आणि विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले. १९७०मध्ये अमेरिकेत धुराबद्दल कडक कायदा झाला, त्यामुळे इंजिनांची धार कमी करावी लागली. आणि १९७३मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव साधारण चौपट झाला.

हेमीसारखं इंजिन लिटरला जेमतेम चार-पाच किलोमीटर देणार. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर धरलं तर एका बाजूला पन्नासेक लिटर पेट्रोल! १९७४ची नवी मस्टँग आली तेव्हा तिच्यात व्ही-८ मिळतच नव्हतं.

नंतर मसल कार परत आल्या, पण आठवणींच्या जोरावर. डॉज चॅलेंजर २००८मध्ये आली ती थेट १९७०च्या मॉडेलसारखी दिसणारी. लोकांनी घेतली. पण जुन्या दिसण्यावर उभ्या असलेल्या गाडीचं डिझाइन पुढे न्यायचं कुठे, हा प्रश्न होताच. ती २०२३च्या शेवटी बंद झाली. नवी चार्जर आधी इलेक्ट्रिक रूपात आली आणि तिच्यात इंजिनासारखा आवाज काढणारी यंत्रणा बसवली. इंजिन नाही, पण गुरगुरणं पाहिजे. मसल कारची ओळख आवाजाला किती चिकटली आहे ते यावरून कळतं.

आता आपली गोष्ट: प्रीमियर

वालचंद हिराचंद यांनी रेल्वेच्या कंत्राटांपासून सुरुवात केली. पुढे जहाजं, विमान कारखाना, साखर असे उद्योग उभे केले. मोटारीसाठी त्यांनी आधी फोर्डशी बोलणी केली. ती फिसकटली, मग १९४०मध्ये क्रायस्लरशी करार झाला. ब्रिटिश सरकारने मदतीचा हात दिला नाही. शेवटी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडायला लागल्या. नावं होती डॉज, प्लिमथ, डिसोटो. म्हणजे पुढे ज्या नावांनी मसल कार गाजवल्या, त्यातली दोन नावं मुंबईत आधीच जोडली जात होती!

१९५३मध्ये वालचंद गेले. पुढच्याच वर्षी प्रीमियरने इटलीच्या फियाटची ११०० ही छोटी गाडी घेतली. १९६४मध्ये तिचं 'डिलाइट' मॉडेल आलं. नीट बघा, हे साल जीटीओ आणि मस्टँगचंच! फियाटचं नाव वापरायची मुदत संपल्यावर १९७३मध्ये तिचं नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट' झालं आणि १९७४मध्ये 'प्रीमियर पद्मिनी'.

नावं बदलत गेली, आत १०८९ सीसीचं, साधारण ४० हॉर्सपॉवरचं तेच इंजिन. गिअरचा दांडा स्टेअरिंगजवळ, तोही तसाच. पण तेव्हा तिला कोणी जुनाट म्हणत नव्हतं. उलट 'दारात फियाट आहे' ही सांगायची गोष्ट होती, आणि बुकिंग केल्यावर लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे.

याचं कारण इंजिनात नव्हतं, बाजारात होतं. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवायचा आणि परदेशी गाडी आणणं जवळजवळ अशक्य होतं. गिऱ्हाईक रांगेत उभंच आहे म्हटल्यावर गाडी सुधारायची घाई कोणाला?

मग डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. आता तो लक्षात ठेवलेला आकडा काढा. मारुतीचं इंजिन ७९६ सीसी, ताकद पद्मिनीच्या आसपासच. पण पद्मिनीचं वजन ९०० किलोच्या जवळ आणि मारुतीचं ६५० किलोच्या आसपास. ताकद तेवढीच, ओझं पाव टनाने कमी! शिवाय सकाळी चोक ओढत बसायची कटकट कमी. काल-परवापर्यंत रुबाबाची असलेली गाडी 'जुनी' ठरली. ती बदलली नव्हती, शेजारी दुसरी गाडी येऊन उभी राहिली होती.

प्रीमियरने १९८५मध्ये निस्सानचं इंजिन घालून ११८ एनई काढली, पण तिचं अंगही फियाटच्या साठच्या दशकातल्या गाडीचं. पद्मिनी २०००च्या सुमारास बंद झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. सोलापूरच्या माणसाने उभं केलेलं नाव आज नव्या गाडीवर दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं. त्या माणसाची घाई त्याच्या कंपनीत टिकली असती तर? असं मनात येतंच.

'भारताची मसल कार' कॉन्टेसा

इन्स्टावर कॉन्टेसाला 'इंडियन मसल कार' म्हणतात. लांब बॉनेट, रुंद अंग, दिसते खरी तशी. पण १९८४च्या पहिल्या कॉन्टेसात ॲम्बेसिडरचंच १.५ लिटरचं, साधारण ५० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. अंग पैलवानाचं, दम पोराचा! पुढे इसुझूचं १.८ लिटर इंजिन आल्यावर ती बरी पळायला लागली. मसल कार दिसण्यावर ठरत नाही, हे सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

मग ब्रँड जुनाट कधी होतो?

माझ्या मते वयामुळे नाही. नाव जुनं असणं आणि माल जुना असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेतल्या ओल्ड्समोबाइलने १९८८मध्ये जाहिरात केली की 'ही तुमच्या वडिलांची ओल्ड्समोबाइल नाही'. गाड्यांनी मात्र तसं पटवलं नाही. तरुण आले नाहीत, वडीलही दुरावले. २००४मध्ये ब्रँडच बंद झाला. प्लिमथ त्याआधी २००१मध्ये गेली होती, पाँटियाक २०१०मध्ये गेली.

उलट उदाहरण आपल्या पुण्याचं, बजाज चेतक. १९७२ची स्कूटर, आपल्या आजोबांच्या पिढीची. बजाजने स्कूटरचा धंदाच थांबवला होता. पण २०२०मध्ये चेतक इलेक्ट्रिक होऊन आली. नाव तेच, धातूचं अंग तसंच, आतलं सगळं नवं. तिला कोणी जुनाट म्हणत नाही. मस्टँगही याच वाटेने टिकली. तेलाच्या टंचाईत लहान झाली, पुन्हा मोठी झाली, आणि २०१६मध्ये पाच लिटरच्या व्ही-८सह भारतातही अधिकृतपणे आली.

जुन्या नावाच्या गाडीवर मन आलंय? मग हे तपासा

१. नाव झाकून स्पेसिफिकेशन वाचा. ताकद, वजन, एअरबॅग, ब्रेक. लोगो नसता तरी घेतली असती का?

२. ताकदीला वजनाने भागा. फोनच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांचं काम.

३. जुनी कॉन्टेसा किंवा पद्मिनी घेताना आरसी बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे फिटनेस तपासून पाच-पाच वर्षं वाढवावी लागते. मुदत एमपरिवहन ॲपवर दिसते. व्यवहाराआधी बघा, नंतर नाही.

४. पेट्रोलचा विचार करा. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, इथेनॉल आपल्याला नवीन नाही. पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते. मेकॅनिककडून ते बदलून घ्यायचा खर्च धरूनच भाव करा.

५. आवाज विकत घेऊ नका. सायलेन्सर बदलून फटाके काढणं बेकायदा आहे, आणि त्याने एक हॉर्सपॉवरही वाढेल याची खात्री नसते. मसल कारचा आवाज मोठा होता कारण इंजिन मोठं होतं. उलटं होत नाही.

थोडक्यात

मसल कार म्हणजे मध्यम गाडीत अवाढव्य इंजिन. तेल, धूर आणि विम्याने तिला मागे रेटलं. पद्मिनीला मागे रेटलं ते स्पर्धा नसल्यामुळे आलेल्या आरामाने. जुनं नाव वाईट नसतं, त्या नावाखाली काय विकलं जातंय ते बघायचं असतं. पुढच्या वेळी 'लेजंड इज बॅक' अशी जाहिरात दिसली की आधी एवढंच विचारा: परत कोण आलंय, गाडी की नुसतं नाव?