सिरोंचाचा डायनासोर कोलकात्यात

कोलकात्यातल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आकडेमोडीच्या शेजारीच एक भूशास्त्रीय संग्रहालय आहे. तिथे सुमारे १४ मीटर लांबीचा सांगाडा उभा आहे. नाव बारापासॉरस टागोरेई. हा प्राणी मूळचा गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा तालुक्यातला, पोचमपल्लीच्या परिसरातला.

प्राणहिता नदीकाठच्या खडकांची कीर्ती मात्र त्याच्या शोधाच्याही आधीची. सिरोंचाजवळच्या कोटा गावच्या चुनखडीत सापडलेले माशांचे जीवाश्म १८५० च्या दशकातच लंडनच्या भूशास्त्रज्ञांपर्यंत पोहोचले होते. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी चांदा आणि नागपूर भागातले खडक, जीवाश्म पाहून त्यांच्यावर लिहिलं. १८६३ साली नदीत बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झालं. लोक त्याला आजही ‘अजब बंगला’ म्हणतात.

पुढे जवळपास शतकभराने सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांना भारतात बोलावलं. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली तरुण मंडळी प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात उतरली. १९५८ मध्ये पहिली हाडं दिसली, १९६१ पर्यंत सुमारे ३०० हाडं निघाली. निदान सहा जनावरांची ती हाडं एकमेकांत मिसळलेली होती. कवटी सापडलीच नाही. मांडीचं एक हाड तर सुमारे १.७ मीटर लांब, म्हणजे माणसाच्या उंचीएवढं! म्हणून ‘बारापा’, अर्थात मोठा पाय. १९६१ हे रवींद्रनाथांचं जन्मशताब्दी वर्ष, म्हणून ‘टागोरेई’. १९७५ साली जैन, कुट्टी, रॉयचौधरी आणि चॅटर्जी यांनी या प्राण्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. सुमारे १८ ते १९ कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळाच्या आरंभी, हा शाकाहारी प्राणी इथे वावरत होता.

ज्या प्राचीन महाखंडाचा तो रहिवासी, त्याचं नावही याच मातीतलं. भूशास्त्रज्ञ मेडलिकॉट यांनी १८७२ च्या सुमारास मध्य भारतातल्या खडकमालिकेला गोंडांच्या भूमीवरून ‘गोंडवाना’ म्हटलं. पुढे एडुआर्ड झ्यूस यांनी तेच नाव महाखंडाला दिलं. चांद्याला राजधानी केलेल्या गोंड राजांच्या प्रदेशाचं नाव असं जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलं.

हाडं कोलकात्याला गेली, पण सारंच गेलं नाही.

खुल्या संग्रहालयासाठीही बहुधा वस्तू हलवाव्याच लागतात. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम इथे आर्टुर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये स्कान्सेन हे खुलं संग्रहालय सुरू केलं. त्यासाठी देशभरातली जुनी घरं उचलून एका टेकडीवर मांडली. सिरोंचाजवळच्या वडधममध्ये मात्र काहीच उचलून आणावं लागलं नाही. वनविभागाच्या जीवाश्म उद्यानात दगड झालेली झाडांची खोडं तिथल्याच मातीत आहेत. आलापल्लीच्या सागवानी जंगलातून सिरोंचाकडे जाणाऱ्याने थोडी वाट वाकडी करून ती जरूर पाहावीत. कोलकात्यातल्या त्या सांगाड्याचं माहेर मग डोळ्यांसमोर उभं राहतं.