हिरव्या ज्योतीने काय सांगितले?

मोटारीच्या वातानुकूलन यंत्रातून वायू कुठे गळतो, हे कारागीर पूर्वी ज्योतीवरून ओळखत. सांध्याजवळची हवा नळीने ज्योतीतल्या तापलेल्या तांब्यावर आणत. फ्रिऑन-१२ असल्यास त्यातील क्लोरीनमुळे ज्योत हिरवी होई. तरीही पुष्कळदा सांधा तसाच ठेवून नुसता वायू भरत. १९३० मध्ये मिजली यांनी हा वायू छातीत भरून घेऊन मेणबत्ती विझवून दाखवली होती. विषारी नाही, जळत नाही; मग गळाला तर बिघडले काय, असे आपण समजलो. १९७४ मध्ये मोलिना व रोलंड यांनी मांडले, की तोच क्लोरीन उंच हवेत ओझोन नष्ट करतो. १९८७ च्या माँट्रिऑल करारानंतर क्लोरीनविरहित आर-१३४ए आला. त्याने ज्योत रंगत नाही. गळती अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या रंगद्रव्याने शोधतात. पण तोही कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ करतो. तेव्हा आपण आधी सांधा नीट करू, मग वायू भरू.